गाणं सोपं कोणी केलं?

पन्नासच्या दशकात माहीमच्या बुधवारला दोन ओढी होत्या. सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होऊ लागला होता. सलग नऊ बुधवार यायचं, मेणबत्ती लावायची, मनातलं मागायचं. ख्रिस्ती तर असायचेच, पण रांगेत हिंदू, पारशी, मुसलमानही उभे दिसत. आणि रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झालेला हा कार्यक्रमही बुधवारचाच. पैसे टूथपेस्टच्या कंपनीचे, ध्वनिमुद्रण मुंबईतलं, टेप जायची कोलंबोला, आणि तिथून लघुलहरींवर गाणी पुन्हा मुंबईत, खरखरत, मागेपुढे होत, पण येत. निवेदक अमीन सयानी 'बहनों और भाइयों' म्हणाले की चाळीची चाळ कान टवकारत असे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटेल. संबंध आहे. गीतमालेत वाजणाऱ्या गाण्यांमधली व्हायोलिनं, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन, पियानो वाजवणाऱ्यांत गोवेकर ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा होता, आणि त्यांची घरं माहीम, दादर, बांद्रा, धोबीतलाव अशी विखुरलेली होती. दुपारी दादरच्या किंवा महालक्ष्मीच्या स्टुडिओत शिफ्ट करून, वाद्य घरी ठेवून, संध्याकाळी चर्चची रांग धरणारा वादक हा त्या काळच्या माहीमला अगदी शोभणारा माणूस. रात्री त्यानं वाजवलेलं गाणं गीतमालेच्या क्रमवारीत वरच्या पायदानावर चढायचं. चित्रपटाचं नाव घेतलं जायचं, गायिकेचं, संगीतकाराचं, गीतकाराचंही. याचं नाव मात्र नाही. आज सत्तर वर्षांनी आपण त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतो, डोळे मिटून ती गाणी ऐकतो, आणि याचं नाव आजही घेत नाही. ही निव्वळ विसराळूपणाची गोष्ट नाही. ती गाणी कशानं चांगली झाली याची आपली समजच त्यामुळे अर्धी राहिली आहे, असं मला म्हणायचं आहे.

आधी त्या पायदानांविषयी. बिनाका गीतमाला हिंदुस्थानात लोकप्रिय झाली त्याचं श्रेय सयानींच्या आवाजाइतकंच एका मराठी मंत्र्याला द्यावं लागतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढं दहा वर्षं त्या खुर्चीवर राहिले. विद्वान माणूस, पॅरिसला शिकलेला, अभिजात संगीतावर मनापासून प्रेम करणारा. चित्रपटसंगीत हे उथळ, पाश्चात्त्यांची उष्टी चाटणारं आणि लोकांची रुची बिघडवणारं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ आक्रसला. शिवाय गाणं लावताना चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही असंही ठरलं, कारण नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात. निर्माते चिडले, त्यांनी प्रसारणाचे परवाने काढून घेतले, आणि बघता बघता आकाशवाणीवरून चित्रपटगीत नाहीसं झालं. श्रोत्यांनी काय केलं? सुई थोडी सरकवली आणि सिलोन लावलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला कोलंबोचा ताकदवान ट्रान्समीटर असा आपल्या नभोवाणी मंत्र्याच्या आग्रहामुळे घराघरांत पोचला.

गीतमालेचं पहिलं रूप कोड्याचं होतं. सात गाणी लागत, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली, पुढं आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रं उघडून वाचणार कोण? १९५४ च्या अखेरीला कोडं बंद झालं आणि आठवड्याची क्रमवारी आली. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांच्या फर्माइशी यांचा मेळ घालून गाण्याचं स्थान ठरवायचं, अशी ती पद्धत. विक्री का धरायची, हे उघड आहे. पत्र कुणीही ढिगानं लिहू शकतं, तबकडीला पैसे मोजावे लागतात.

वर्षाअखेरच्या यादीत १९५३ साली सर्वांत वर आलं ते 'अनारकली'मधलं लता मंगेशकर यांचं गाणं. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याकडच्या रामचंद्र चितळकरांचं. शिवाजी पार्कात राहणारा हा माणूस चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. ही काही गल्लीच्या अभिमानाची गोष्ट म्हणून सांगत नाही. चितळकरांच्या संगीताकडे पाहिलं की केसकरांचा आक्षेप किती खरा आणि किती पोकळ, हे दोन्ही दिसतं. 'अलबेला' (१९५१) ऐका. त्यात क्लॅरिनेट आहे, बोंगो आहे, ट्रम्पेट आहे, आणि पडद्यावरच वादकांचा ताफा घेऊन उभे असलेले चिक चॉकलेट आहेत. हे चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियु झेवियर वाझ, मुंबईतले नावाजलेले जॅझ ट्रम्पेटवादक. पाश्चात्त्य छाप? हो, उघड उघड. त्याच चित्रपटात भगवानदादा मराठी गिरणगावच्या गणपतीत नाचावं तसे नाचतात आणि त्याच चित्रपटातली अंगाई आजही आया म्हणतात. उष्टं म्हणावं असं त्यात काय उरलं?

याच काळात पश्चिमेकडेही ऐकायला सोपं, गोड, कानाला टोचणार नाही असं संगीत यादीच्या शिखरावर होतं. वाद्यवृंदकार मान्तोवानीच्या व्हायोलिनांचा धबधबा इंग्लंड-अमेरिकेत घरोघर वाहत होता. पर्सी फेथच्या वाद्यवृंदानं वाजवलेली एक चित्रपटधून १९६० साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि १९६१ च्या जुलैत 'बिलबोर्ड' नियतकालिकानं अशा संगीतासाठी वेगळी यादीच काढली. त्या संगीताची अडचण अशी की ते मुळात न ऐकण्यासाठी केलेलं होतं. दिवाणखान्यात पाहुणे, हातात पेले, कोपऱ्यात नवा हाय-फाय, आणि पाठीमागे तंतुवाद्यं. बोलणं थांबू नये, इतपतच त्यांनी असायचं.

माहीमच्या, परळच्या, लालबागच्या खोलीत 'पाठीमागे' नावाची जागाच नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं सात आणि फळीवर रेडिओ एक. तोही पोस्टात परवान्याचे पैसे भरून घेतलेला, चाळीत सगळ्यांकडे नसलेला. ज्याच्याकडे असेल त्यानं तो लावला की मजल्यानं ऐकायचा. आजी पोथी मिटून ऐकणार, मुलगा अभ्यास सोडून, सून पोळ्या लाटता लाटता, आणि शेजारचे अण्णा कठड्याला टेकून. कुणी निवडलेलं नाही, तरी सगळ्यांच्या कानावर पडणारं, असं हे गाणं होतं. इराण्याच्या हॉटेलातही तेच. ज्यूकबॉक्समध्ये नाणं एकानं टाकायचं आणि सगळ्या टेबलांनी ऐकायचं. अशा ठिकाणी गाण्यावर एक अट आपोआप पडते. ते आजीला लाजवणार नाही आणि मुलाला कंटाळवणार नाही असं हवं. त्यात शब्द कळायला हवेत, कारण आजी चालीपेक्षा शब्द ऐकते. आणि चाल एकदा ऐकून तोंडात बसायला हवी, कारण पुन्हा केव्हा लागेल याचा भरवसा नाही. आपल्याकडच्या सुगम संगीतातली सभ्यता, नेमकेपणा, थोडक्यात पुष्कळ सांगण्याची हातोटी ही कलावंतांच्या संस्कारातून आली असं आपण म्हणतो. काही अंशी असेलही. पण तिचा मोठा वाटा या खोलीनं उचलला आहे. अमेरिकन श्रोता नको असलेलं गाणं दुसऱ्या खोलीत जाऊन टाळू शकत होता. आपल्याकडे दुसरी खोली नव्हती.

एवढ्या निरनिराळ्या माणसांना एकाच वेळी सोपं वाटणारं गाणं करणं अवघड होतं. किती अवघड, हे कळायला स्टुडिओत डोकवायला हवं.

संगीतकार पेटी घेऊन बसतो, सोबत ढोलक किंवा तबला, समोर गीतकार आणि दिग्दर्शक. ही सिटिंग. इथं चाल होते. आपल्या मनातलं गाणं इथंच पूर्ण होतं, पण स्टुडिओत इथं ते निम्मंही झालेलं नसतं. सुरुवातीचं म्युझिक, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधले पीस, अंतरा चालू असताना गायकाच्या मागून सरकणारी दुसरी सुरावट, कोणत्या ओळीला बासरी आणि कोणत्या ओळीला काहीच नाही, हे सगळं अजून व्हायचं असतं. तिथं अरेंजर येतो. तो ते कागदावर उतरवतो, पाश्चात्त्य स्वरलेखनात, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. रेकॉर्डिंगच्या दिवशी तीस-चाळीस वादक, कधी त्याहून जास्त, समोर पहिल्यांदाच आलेला कागद बघून वाजवायला बसतात. माइक मोजके. ट्रॅक वेगवेगळे करून मागाहून जोडण्याची सोय नाही. गायक आणि वादक एकदम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चौतिसाव्या व्हायोलिनवाल्याचा गज चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं ७८ च्या तबकडीच्या एका बाजूत, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास बसवायचं. तालीम, टेक, पुन्हा टेक. मिनू कात्रकांसारखा ध्वनिमुद्रक काचेपलीकडून मान हलवेपर्यंत.

हा कागद वाचू शकणारी माणसं मुंबईला कुठून मिळाली? गोव्यातून, आणि त्यामागं चर्च आहे. पोर्तुगीज अमलाखाली गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या. तिथं मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं जाई. शिकवणारा तो मेस्त्री. माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्त्रीचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईत येऊन चित्रपटसंगीतात अरेंजर झाला आणि पुढं संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवता झाला. याच नावाचं पात्र पुढं 'अमर अकबर अँथनी'त आलं. नाव सगळ्या देशाच्या तोंडी झालं, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही. गोव्यात शिक्षण होतं, पोट भरण्याची सोय नव्हती. म्हणून वादक बोटींवर गेले, पोलिसांच्या आणि लष्कराच्या बँडमध्ये गेले, मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवू लागले, मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले. १९३१ ला बोलपट आला आणि थिएटरातलं काम गेलं. १९४७ नंतर साहेब गेले, आणि मुंबईत दारूबंदी आल्यावर हॉटेलांतली रात्रही निवली. मोरारजीभाई देसाईंच्या दारूबंदीनं इतर काय साधलं ते साधलं, पण हिंदी चित्रपटसंगीताला अनुभवी वादकांचा पुरवठा तिनं नक्की वाढवला.

सेबास्तियन डिसोझा यांचंच पाहा. जन्म १९०६ चा, गोव्याचा. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. फाळणीत लाहोर सुटलं, मुंबईला आले. १९५२ च्या 'आसमान'पासून ओ. पी. नय्यर यांच्याकडे आणि पुढं दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्याकडे ते अरेंजर होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात लताबाईंचा सूर लांबला की त्याच्या मागून व्हायोलिनांची एक लाट येते, सुराला धक्का न लावता त्याला उचलून धरते आणि ओळ संपायच्या आत मागं सरते. ती लाट सेबास्तियन यांनी कागदावर लिहिलेली असे. मान्तोवानीची व्हायोलिनं ऐका आणि ही ऐका. साधन तेच, काम उलट. तिकडे व्हायोलिनंच गाणं असतात. इकडे ती गाण्याला वाट करून देतात, कारण इकडे आजीला शब्द कळायला हवेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. गाणं म्हणजे चाल, चाल संगीतकाराची. बाकीचं सजावट, आणि सजावट करणारा कारागीर. कारागिराला मजुरी मिळाली, विषय संपला. शिवाय संगीतकारांतले पुष्कळ जण पीसही स्वतःच सांगत, अरेंजर फक्त लिहून घेई, असंही म्हणतात. काहींच्या बाबतीत हे खरं होतं आणि कुणाचं किती, याचा निवाडा आज करता येणार नाही. पण एक साधी परीक्षा करता येते. कोणत्याही मराठी घरात चार माणसं जमली आणि जुनं गाणं सुरू झालं, की मुखडा संपल्यावर काय होतं? सगळे जण थांबत नाहीत. कुणीतरी तोंडानं मधला पीस वाजवतो, दुसरा त्यात ठेका धरतो, आणि पीस संपल्यावरच अंतरा सुरू होतो. अंतऱ्याचे शब्द अडतात, पीस अडत नाही. ज्याच्याशिवाय लोकांना गाणं पुढं नेताच येत नाही, त्याला सजावट कसं म्हणायचं?

मराठी भावगीताचं काय, असं कुणी विचारेल. तिथं एवढा ताफा नव्हता. खरंच नव्हता. एक पेटी, तबला, व्हायोलिन, बासरी, कधी सतार. आणि आकाशवाणीवर तर पेटीही नव्हती, कारण १९४० पासून तीस वर्षं तिथं हार्मोनियमला मज्जाव होता. ती बंदी मला नेहमीच हास्यास्पद वाटली आहे, पण तिचा एक फायदा झाला असावा. सूर धरायला पेटी नाही म्हटल्यावर व्हायोलिन आणि बासरी पुढं आली, आणि त्या दोन वाद्यांनी मराठी भावगीताला जो हळवा, मोकळा आवाज दिला तो पेटीनं दिला नसता.

गीतरामायण हे याचं ठसठशीत उदाहरण. केसकर मंत्री असतानाच, त्यांच्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झालं. ग. दि. माडगूळकर यांची गीतं, शिवाजी पार्कला राहणाऱ्या सुधीर फडके यांचं संगीत, छप्पन्न गाणी, वर्षाहून अधिक काळ दर आठवड्याला एक नवं. जाहिरात नाही, चित्रपट नाही, कसली क्रमवारी नाही. तरी गाणं लागलं की रेडिओला हार घालणारी घरं होती. सोपं, सगळ्यांना झेपणारं आणि तरीही चिरेबंद संगीत सरकारी खर्चानं होऊ शकतं, हे केसकरांच्या खात्यानं स्वतःच सिद्ध केलं. त्यांनी बंदी घालण्यात घालवलेली शक्ती अशा आणखी दहा प्रकल्पांना दिली असती तर त्यांचं नाव आज वेगळ्या सुरात घेतलं गेलं असतं. जिथं त्यांनी नाही म्हटलं तिथं सिलोन जिंकलं, आणि जिथं त्यांच्या माणसांनी काही करून दाखवलं तिथं सिलोनची आठवणही कुणाला झाली नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली, ही सरकारनं दिलेली कबुलीच होती.

गीतरामायणातही एक माणूस व्हायोलिन घेऊन बसला होता. प्रभाकर जोग. फडके यांचे सहायक, पुढं गीतरामायणाच्या शेकडो प्रयोगांत त्यांना साथ करणारे, स्वतः संगीतकार. मराठी गाणी नुसत्या व्हायोलिनवर वाजवणाऱ्या त्यांच्या तबकड्या एके काळी लग्नघरांत, मध्यंतरांत, दिवाळी पहाटेला हटकून लागत. जोगांची ओळख लोकांना आहे, कारण एच.एम.व्ही.नं त्यांचं नाव मुखपृष्ठावर छापलं. व्हॅन शिपले यांचं गिटार आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन लोकांना माहीत आहे, ते याच कारणानं. हेच वादक दुसऱ्याच्या गाण्यात वाजवत तेव्हा निनावी असत. कसब तेच आणि हातही तेच होते. फरक पडला तो छापलेल्या नावानं.

'शुक्रतारा'चं घ्या. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, इंदूरहून आलेले अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. ही चार नावं कुणालाही झोपेतून उठवून विचारली तरी येतील. मागं वाजवणारा एकही वादक सांगा म्हटलं तर कार्यक्रमाचं पहिल्या रांगेचं तिकीट काढणारे रसिकही गप्प होतील.

नाव घेण्याची ही रीत देवानं घालून दिलेली नाही. ती भांडून बदललेली आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी 'याची काय गरज' असं म्हटलेलं आहे. १९४९ च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणारी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. त्याआधी आवाज हा नटीच्या तोंडात घालायचा ऐवज होता आणि त्याला नावाची गरज कुणाला वाटत नव्हती. गीतकाराचं नाव रेडिओवर घेतलं जावं म्हणून साहिर लुधियानवी यांनी आग्रह धरला, तेव्हाही हेच. पुढं २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्क मिळाला, गायकांनाही मिळाला.

वादकांचं काय? त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढ पद्धतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र येत नाही, त्याला कलावंत धरलं जाणार नाही. आपलं सादरीकरण विद्रूप केल्याबद्दल हरकत घेण्यापुरता त्याला अपवाद. म्हणजे रूढी नाव देत नाही म्हणून कायदा कलावंत मानत नाही, आणि कायदा मानत नाही म्हणून नाव देण्याची घाई कुणाला नाही. पन्नास वर्षं पडद्यामागं बसलेल्या माणसासाठी याहून पक्का दरवाजा बांधता आला नसता. माहीम-बांद्र्याच्या घरांत म्हातारे झालेले हे वादक शोधून, त्यांच्याशी बोलून, त्यांचं काम लिहून काढणारं मोठं पुस्तक २००८ साली आलं ते ऑकलंड विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ यांचं. न्यूझीलंडहून माणूस येतो आणि लेडी जमशेटजी रोडच्या आसपास घंटी वाजवतो. आपण त्याच रस्त्यावरून रोज सिटीलाइट सिनेमापर्यंत चालत जातो आणि आपल्याला सुचत नाही. हे माझ्या पिढीच्या संगीतलेखनाबद्दल फार बरं सांगत नाही.

संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक रानडे यांनी जनसंगीताला स्वतंत्र कोटी मानून त्याचे निकष वेगळे असतात हे मराठी वाचकाला वारंवार समजावलं. त्याचा पाठपुरावा कुणी केला नाही. आपली चित्रपटगीतांवरची पुस्तकं बहुतेक आठवणींची, हळव्या विशेषणांची, कुणी कुणाशी बोलणं टाकलं याची. गाण्यातला दुसरा पीस पहिल्यापेक्षा वेगळा का आहे, तिथं सेलो का आला, अंतऱ्याला ठेका का बदलला, यावर पान दोन पानं लिहिलेली सापडली तर मी दिवाळी अंक जपून ठेवतो. त्या गाण्यांचं सोपेपण नैसर्गिक आहे, फुलासारखं उमललं, असं एकदा मानलं की विचारायला काही उरत नाही. मग आजची गाणी का टिकत नाहीत याचं उत्तरही सोपं होतं: काळ बिघडला. गोव्याच्या शाळेत दहा वर्षं गज घासणारी मुलं आता नाहीत, स्टुडिओत चाळीस माणसं एकत्र बसत नाहीत, आणि गाणं आता चाळीतल्या सगळ्यांसाठी होत नाही, एका कानातल्या एका इयरफोनसाठी होतं. कारणं शोधायची असतील तर ती इथं आहेत. चांगल्या गायकांची किंवा चांगल्या कवींची वानवा मला तरी दिसत नाही.

क्रमवारीला मी दोष देत नाही. टूथपेस्टवाल्यांनी लोकांना काय आवडतं ते मोजलं, आणि सरकारपेक्षा प्रामाणिकपणे मोजलं. पण क्रमवारीचा स्वभाव असा की तिला प्रत्येक पायरीवर एकच चेहरा हवा असतो. चाळीस जणांचा चेहरा पायरीवर मावत नाही. मोजणाऱ्यानं तो सोडला हे समजण्यासारखं आहे. आठवण काढणाऱ्यानं का सोडावा?

रवींद्र नाट्य मंदिरात, शिवाजी मंदिरात, यशवंत नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आजही भरतात. निवेदक प्रत्येक गाण्याआधी चित्रपट, वर्ष, कवी, संगीतकार, गायक सांगतो, वर एखादा किस्सा सांगतो. मंचावर आठ-दहा वादक मूळ गाण्यातले पीस स्वरास्वराला धरून वाजवतात आणि टाळ्या तिथंच सर्वांत जोरात पडतात. आयोजकांना आणि निवेदकांना माझी एकच विनंती आहे. किस्सा अर्ध्या मिनिटानं कमी करा, आणि अरेंजरचं नाव जिथं माहीत आहे तिथं ते सांगा. माहीत नसेल तर शोधा. आणि समोर वाजवत असलेल्या माणसांची नावं शेवटी घाईघाईनं वाचण्याऐवजी पहिल्या गाण्याआधी वाचा.